प्रकृति एकसष्ट : भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील एका संख्येचा विचार

भास्कराचार्यांच्या बीजगणिताची हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक बहुधा दोनच पानें पाहतो, पहिलें व शेवटचें. मंगलाचरण आहे कीं नाहीं, लेखनकाल कोणता, लिहिणाराचें नांव व गांव काय, एवढें टिपून घेतलें कीं पोथी पुनः रुमालांत बांधली जाते. मधल्या पानांवर आंकडे असतात, आणि आंकड्यांचीं पानें वाचण्याची चाल आपल्या मंडळींत फारशी नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशा एकाच पानाचा विचार करणार आहों. तें चक्रवाल-प्रकरणांतील असून त्यावर ६१ ही संख्या असते. या एका संख्येच्या अंगच्या धर्मांवरून इतिहासांतील एका वादाचा निकाल लागतो, आणि पोथीचा पाठ पारखण्याचें एक चांगलें साधनही हातीं येतें, असें आमचें मत आहे.

विषय वर्गप्रकृतीचा. एखाद्या संख्येचा वर्ग करावा, त्यास ठरलेल्या संख्येनें गुणावें, गुणाकारांत दुसरी एक ठरलेली संख्या मिळवावी, आणि जें येईल तें पुनः पूर्ण वर्ग असावें, असा हा प्रश्न आहे. जिनें गुणावयाचें ती प्रकृति. मूळची संख्या तें कनिष्ठ पद. मिळवावयाची संख्या तो क्षेप. आणि शेवटच्या वर्गाचें मूळ तें ज्येष्ठ पद. क्षेप १ असतां प्रश्न सर्वांत कठीण. प्रकृति ६० असेल तर कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ हें उत्तर थोड्या खटपटीनें कोणासही सांपडेल, कारण १६ ला ६० नीं गुणून १ मिळविल्यास ९६१ होतात व तो ३१ चा वर्ग आहे. प्रकृति ६२ असेल तर कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३. प्रकृति ६३ असेल तर कनिष्ठ १ व ज्येष्ठ ८, म्हणजे कांहीं करावयासच नको. आतां या शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेली ६१ घ्या. तिचें पूर्णांकांतील सर्वांत लहान उत्तर कनिष्ठ २२,६१,५३,९८० व ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ असें आहे. यांहून लहान दुसरें उत्तर नाहीं. अंदाजानें एक एक संख्या लावून पाहणारा मनुष्य जन्मभर बसला तरी येथवर पोंचणार नाहीं.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धांतशिरोमणि रचिला तेव्हां त्यांचें वय ३६ वर्षांचें होतें. बीजगणित हा त्याचाच एक भाग. चक्रवालाच्या उदाहरणांत ते वाचकाला मित्र म्हणून संबोधून दोन प्रकृति देतात, ६७ आणि ६१. या जोडीकडे टीकाकारांचें जितकें लक्ष जावयास पाहिजे तितकें गेलेलें दिसत नाहीं. तिच्याकडे वळण्यापूर्वीं ६१ ची कृति सविस्तर देतों. ती समजल्याविना पुढील विवेचन पोकळ होईल.

आधीं ब्रह्मगुप्ताची भावना लक्षांत घेतली पाहिजे. ब्राह्मस्फुटसिद्धांत हा शके ५५० (इ. स. ६२८) चा ग्रंथ, भावना त्यांतली. एकाच प्रकृतीच्या दोन पंक्ति खालींवर मांडाव्या. एकीचें कनिष्ठ व दुसरीचें ज्येष्ठ असे तिरकस गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी, तें नवें कनिष्ठ. दोन ज्येष्ठांचा गुणाकार, आणि दोन कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीनें गुणून, या दोहोंची बेरीज तें नवें ज्येष्ठ. क्षेपांचा गुणाकार तो नवा क्षेप. म्हणजे एक क्षेप आणि दुसरा क्षेप यांच्या पंक्ति जुळवून तिसरी पंक्ति निर्माण करतां येते. ब्रह्मगुप्तानें ९२ ही प्रकृति देऊन, जो वर्षाच्या आंत हें सोडवील तो गणक खरा, अशा अर्थाचें म्हटलें आहे. तिचें उत्तर कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१. त्याची भावना उत्तम, पण क्षेप १, २ किंवा ४ अशी एखादी पंक्ति आधीं हातीं असल्याविना ती चालत नाहीं. आणि ती पंक्ति मिळविण्याचा नियम त्याच्यापाशीं नव्हता. चक्रवाल ही तो नियम पुरविते.

६१ साठीं पहिली पंक्ति सहज मिळते : कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३, कारण ६१ व ३ मिळून ६४. आतां कुट्टकानें असा गुणक शोधावयाचा कीं, त्यानें कनिष्ठास गुणून ज्येष्ठ मिळविल्यावर क्षेपानें निःशेष भाग जावा, आणि गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या जवळांत जवळ असावा. येथें १, ४, ७, १० असे गुणक चालतात. ७ चा वर्ग ४९, अंतर १२. १० चा वर्ग १००, अंतर ३९. म्हणून ७ घ्यावयाचा. त्यावरून नवें कनिष्ठ ५, नवें ज्येष्ठ ३९ आणि नवा क्षेप ऋण ४. ताळा पाहूं : २५ ला ६१ नीं गुणून १५२५, त्यांतून ४ वजा केल्यास १५२१, व तो ३९ चा वर्ग आहे.

येथें आचार्य चक्र थांबवितात. क्षेप ऋण ४ आला असतां दोन्ही पदें निम्मीं केलीं कीं क्षेप ऋण १ होतो. कनिष्ठ पांच द्वितीयांश, ज्येष्ठ एकोणचाळीस द्वितीयांश. पदें अपूर्णांकांत गेलीं याची त्यांना भीति वाटत नाहीं. या पंक्तीची स्वतःशींच भावना केली तर कनिष्ठ १९५ द्वितीयांश, ज्येष्ठ १५२३ द्वितीयांश, क्षेप धन १. हिची पहिल्या अर्ध्या पंक्तीशीं पुनः भावना केली कीं अपूर्णांक आपोआप नाहींसे होतात : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८, क्षेप ऋण १. आतां शेवटची भावना या पंक्तीची स्वतःशींच. ३८०५ व २९७१८ यांचा गुणाकार दुप्पट केला कीं २२,६१,५३,९८०. आणि २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळविला कीं १,७६,६३,१९,०४९. चक्राचा एक फेरा आणि तीन भावना, एवढ्यांत नऊ व दहा आंकडी पदें हातीं आलीं.

भावनेची ही आडवाट न घेतां नुसतें चक्रच फिरवीत राहिलें तर काय होतें हें आम्हीं करून पाहिलें आहे. ज्यास हौस असेल त्यानें अवश्य करावें, एका दुपारचें काम आहे. पहिली पंक्ति धरून चौदा पंक्ति होतात. क्षेप क्रमानें धन ३, ऋण ४, ऋण ५, धन ५, धन ४, ऋण ३, ऋण १ असे सात येतात आणि पुढचे सात तेच, फक्त धनाचे ऋण व ऋणाचे धन होऊन, शेवटीं धन १ येतो. मध्यावरील सातवी पंक्ति म्हणजेच ३८०५ व २९७१८ ची. युरोपांत पुढें अपूर्णांकांच्या साखळीची जी रीति रूढ झाली तिनें याच उत्तरास पोंचण्यास बावीस पायऱ्या लागतात. जवळांत जवळ वर्ग घेण्याचा जो बारकावा चक्रवालांत आहे त्याचा हा लाभ.

६१ मध्यें असें विशेष काय आहे? ती ५ व ६ यांच्या वर्गांची बेरीज आहे. ऋण १ क्षेप मिळावयाचा तर प्रकृति दोन वर्गांची बेरीज असली पाहिजे, नाहींतर प्रश्न खिल, हें आचार्यांनीं स्वतःच सांगितलें आहे व त्यासाठीं १३ ही प्रकृति उदाहरणादाखल घेतली आहे. ६७ दोन वर्गांत फुटत नाहीं. म्हणून तिला ऋण १ ची वाट बंद. तिची कृति पाहिली तर पंक्ति अशा येतात : १, ८, ऋण ३, मग ५, ४१, धन ६, मग ११, ९०, ऋण ७, मग २७, २२१, ऋण २. येथें आचार्य थांबतात, स्वतःशीं भावना करून क्षेप ४ आणतात, पदें निम्मीं करतात, आणि उत्तर ५९६७ व ४८८४२ असें येतें. म्हणजे ६७ हें क्षेप २ च्या आडवाटेचें उदाहरण आहे आणि ६१ हें क्षेप ४ च्या व ऋण १ च्या आडवाटेचें. ही जोडी सहज सुचलेली नव्हे. एक शिष्याला एक मार्ग दाखविते, दुसरी दुसरा. शिकविणाराचा हात त्यांत स्पष्ट दिसतो.

आतां वादाकडे वळूं. इ. स. १६५७ च्या फेब्रुवारींत फ्रान्समध्यें फर्मा या गणितज्ञानें हाच प्रश्न युरोपांतील पंडितांपुढें आव्हान म्हणून टाकला, आणि त्याच सुमारास फ्रेनिकल याला लिहितांना, तुम्हांस फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतों अशा थाटांत, ६१ व १०९ या दोन प्रकृति सोडविण्यास सांगितल्या. पांचशें सात वर्षांचें अंतर आणि तीच ६१! यावरून हा प्रश्न हिंदुस्थानांतून कोणत्यातरी मार्गानें त्याच्याकडे गेला असावा असें म्हणण्याचा मोह आपल्याकडील लेखकांस होतो. आम्हांस तें पटत नाहीं. स्वदेशाचा अभिमान आम्हांसही आहे, परंतु पुरावा ज्या बाजूस नेईल त्या बाजूस जावें लागतें.

पुरावा येथें संख्याच देते. प्रकृति २ पासून एकामागून एक घेऊन प्रत्येकीचें लहानांत लहान उत्तर मांडीत जावें. ४६ ला कनिष्ठ ३५८८ येतें. त्यापूर्वीं इतकें मोठें कोठेंच येत नाहीं. ५३ ला ९१०० येतें, तो पुढचा उच्चांक. त्यानंतरचा उच्चांक ६१ ला, आणि तो चार आंकड्यांवरून एकदम नऊ आंकड्यांवर उडी घेतो. ६१ नंतर तिला मागें टाकणारी पहिली प्रकृति कोणती, तर १०९. तिचें ज्येष्ठ पद पंधरा आंकडी आहे. फर्मानें नेमक्या याच दोन मागितल्या. म्हणजे त्यानें असें कोष्टक तयार केलें होतें व त्यांतील सर्वांत दुर्घट त्या निवडल्या, एवढेंच यावरून निघतें. त्यास ६१ भास्कराचार्यांनीं सांगण्याची जरूर नव्हती. जो कोणी ही वाट चालेल त्याच्या पायांत तो दगड येणारच. उलट, उसनवारी असती तर ६१ बरोबर ६७ आली असती, १०९ नव्हे.

बाह्य पुरावाही हाच आहे. फैजीनें १५८७ मध्यें फारशींत उतरविली ती लीलावती, आणि तींत वर्गप्रकृति नाहीं. बीजगणिताचें फारशी भाषांतर अताउल्ला रुश्दीनें शाहजहानच्या कारकीर्दींत, १६३४-३५ च्या सुमारास केलें. पण त्यावरून स्ट्रेचीनें केलेलें इंग्रजी रूप १८१३ मध्यें, आणि संस्कृतावरून कोलब्रुकनें केलेलें १८१७ मध्यें बाहेर पडलें. तोंवर इंग्लंडांत ब्राउंकर व वॉलिस यांनीं फर्माचें आव्हान स्वीकारून रीति शोधली होती, ऑयलरनें चुकीनें पेल याचें नांव तिला दिलें होतें, व लाग्रांजनें १७६८ मध्यें ती रीति नेहमीं उत्तरास पोंचतेच हें सिद्ध केलें होतें. पेलचा या प्रश्नाशीं नांवापुरताही संबंध नसतां त्याचें नांव अजून पुस्तकांत चालतें, हा नशिबाचा खेळ. हांकेल नांवाच्या जर्मन पंडितानें १८७४ मध्यें, लाग्रांजपूर्वीं संख्याशास्त्रांत चक्रवालासारखें सुंदर कांहीं झालें नाहीं, अशा आशयाचा निर्वाळा दिला, तो आपल्याकडील लेखांत वारंवार येतो. येऊं द्यावा. पण त्याबरोबर हेंही सांगावें कीं, नियमानें उत्तर अवश्य मिळेलच याची सिद्धि आचार्यांच्या ग्रंथांत दिलेली नाहीं.

स्वदेशाभिमानास दुसरा एक धक्का घरांतूनच बसला आहे, आणि तो आम्ही महाराष्ट्रीयांनीं मोकळ्या मनानें सोसला पाहिजे. चक्रवाल भास्कराचार्यांची, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलों. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथील भवानीच्या देवळांतला शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणला व पुढें कीलहॉर्ननें संपादून छापला. आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची व निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास देणगी दिल्याची हकीकत त्यांत आहे. ग्रंथाच्या अध्ययनासाठीं मठ, आणि त्या मठाचा दगडावर कोरलेला लेख. यापरता मान गणितज्ञास काय मिळावा? परंतु १९५४ मध्यें कृपाशंकर शुक्ल यांनीं, लघुभास्करीयावरील उदयदिवाकराच्या सुंदरी टीकेंत उद्धृत केलेलीं जयदेव नांवाच्या आचार्याचीं पद्यें प्रसिद्ध केलीं, आणि तींत चक्रवाल स्पष्ट आहे. सुंदरी टीका शके ९९५ (इ. स. १०७३) ची; म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्याही ४१ वर्षें आधींची. (हा जयदेव गीतगोविंदकर्ता नव्हे, नांवावरून घोटाळा करूं नये.) स्वतः भास्कराचार्यांनींही रीतीचें नांव सांगतांना तें पूर्वींच्यांकडून आलेलें म्हणूनच सांगितलें आहे. तेव्हां रीतीचा मूळ शोध त्यांचा नव्हे. त्यांचें काय उरतें? ६१ व ६७ यांची निवड, आडवाटांची मांडणी, आणि ही विद्या शिकवितां येईल अशा स्वरूपांत बांधणें. आमच्या मतें हें थोडें नाहीं.

एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. जयदेवाचा मूळ ग्रंथ आपणांस उपलब्ध नाहीं. त्याचीं पद्यें एका निराळ्या विषयावरील टीकेच्या पोटांत राहून वांचलीं. लघुभास्करीय हा ज्योतिषाचा ग्रंथ. ज्योतिषाची टीका म्हणून यादींत एका ओळींत तिची नोंद होऊन बस्ता बांधला गेला असता तर चक्रवालाचा इतिहास एक शतकानें अलीकडेच थांबला असता. मधलीं पानें वाचावीं असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

आतां ज्यांच्या संग्रहीं बीजगणिताच्या पोथ्या आहेत त्यांच्या उपयोगाचें सांगतों. ६१ च्या पानावर पंक्ति बहुधा क, ज्ये, क्षे अशा आद्याक्षरांनीं मांडलेल्या असतात. ऋण दाखविण्यास आंकड्याच्या माथ्यावर टिंब देतात. अपूर्णांकांत मधली रेघ नसते. अंश वर व छेद खालीं एवढेंच. यामुळें लिहिणाराच्या चुका ठराविक जागीं होतात. टिंब गळतें. अंशाखालचा २ शेजारच्या पंक्तींत शिरतो. ५ व ३९ ची अर्धी पंक्ति आणि १९५ व १५२३ ची अर्धी पंक्ति या दोहोंचे क्षेप एकच, फक्त एकावर टिंब व एकावर नाहीं. तें गळलें तर डोळ्याला कांहींच कळत नाहीं. कळतें तें गणिताला : २५ ला ६१ नीं गुणून १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१, मूळ क्षेप ऋणच असला पाहिजे. गळालेलें टिंब संपादकानें निःशंक परत घालावें. त्यासाठीं दुसऱ्या पोथीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

मोठ्या दोन पदांचा पाठ तपासतांना नवाचा ताळा पाहण्याची आपली जुनी संवय आहे. तिच्यावर येथें विसंबूं नये. कनिष्ठाच्या आंकड्यांची बेरीज ३६, म्हणजे नवानें बाकी शून्य, ज्येष्ठाची बेरीज ४६, म्हणजे बाकी १, ताळा जमतो. परंतु देवनागरींत ३ व ६ हे आंकडे एकमेकांचे आरशांतले भाऊ आहेत. कनिष्ठांतील ३ च्या जागीं कोणीं ६ लिहिला तर बेरीज ३९ व बाकी ३ होते. तिचा वर्ग ९, म्हणजे पुनः शून्य, आणि चुकलेला पाठही ताळ्यांतून सुखरूप निसटतो! आंकड्यांची अदलाबदल झाली, म्हणजे ५३ चे ३५ झाले, तरी बेरीज तीच राहते. अशा वेळीं अकराचा ताळा घ्यावा. शुद्ध कनिष्ठाची अकरानें बाकी ८ राहते व शुद्ध ज्येष्ठास अकरानें निःशेष भाग जातो. ३ चा ६ झाल्यास कनिष्ठाची बाकी ५ येते, ५३ चे ३५ झाल्यास ४ येते. दोन्ही वेळीं चूक उघडी पडते.

याहूनही खात्रीचा साक्षीदार त्याच पानावर असतो. ज्येष्ठांतून १ वजा केला तर तें २९७१८ च्या वर्गाची दुप्पट होतें. ज्येष्ठांत १ मिळविला तर ३८०५ च्या वर्गाची दुप्पट करून ६१ नीं गुणल्याइतकें होतें. म्हणून मधली पंक्ति शुद्ध असेल तर खालची कितीही खराब झालेली असो, कसरीनें खाल्लेली असो, ती अक्षरशः परत उभी करतां येते. श्लोकाचा हरवलेला चरण असा परत आणतां येत नाहीं.

आणि येथें लेखकाची, म्हणजे पोथी उतरविणाराची, परीक्षाही होते. ज्यानें केवळ मजुरीसाठीं नक्कल केली त्याच्या चुका टिंबांत व छेदांत असतात आणि तशाच राहतात. ज्यानें गणित करीत करीत नक्कल केली त्याच्या हातून चूक झालीच तर समासांत ती दुरुस्त केलेली सांपडते, किंवा समासांत कच्चे गुणाकार मांडलेले असतात. असे गुणाकार घाण समजून कोणी पुसूं नयेत. पोथी कोणत्या घरांत, कोणत्या हेतूनें वाचली गेली याचा तो एकमेव पुरावा असूं शकतो.

टीकाकारांच्या पोथ्यांत हाच शोध अधिक फलदायी होण्याजोगा आहे. गोदातीरच्या पार्थपूरच्या ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास यानें शके १४६० (इ. स. १५३८) मध्यें बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका लिहिली. कृष्णदैवज्ञाचा बीजपल्लव, ज्यास नवांकुर असेंही म्हणतात, १६०० च्या सुमाराचा. त्याचें घराणें विदर्भांतलें, पुढें काशीस गेलेलें, व तो जहांगीराच्या आश्रयास होता. दोघांचेंही मूळ आपल्याच मुलखांत असल्यानें या टीकांच्या नकला येथील शास्त्री व जोशी घराण्यांत निघण्याचा संभव आहे. टीकेंत ६१ ची कृति कोठवर उलगडली आहे, कुट्टकाचा गुणक ७ कां घ्यावयाचा याचें कारण दिलें आहे काय, आणि अर्धीं पदें मांडतांना छेद कोठें लिहिला आहे, हें पाहून घ्यावें. ज्यांच्यापाशीं अशी पोथी असेल त्यांनीं निदान त्या एका पानाची, समासासकट, जशीच्या तशी नक्कल करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. अशुद्ध वाटणारे आंकडे आपण होऊन सुधारूं नयेत; टिंब असेल तेथें टिंब, नसेल तेथें नाहीं.